पाचवी बासरी

जपानमधल्या कुरोहामा गावाच्या वरच्या आळीत मासुए तोगाशी ही बाई नियमाची पक्की म्हणून ओळखली जात असे. अडतीस वर्षे तिने टपाल कचेरीच्या खिडकीमागे काढली होती, आणि निवृत्तीनंतर घरही तिने त्याच शिस्तीने चालवले. न्याहारी साडेसहाला, काचेच्या बाटल्यांचा कचरा दुसऱ्या आणि चौथ्या बुधवारी, संध्याकाळी आंघोळीला सगळ्यांच्या सामाईक गरम पाण्याच्या टाकीत उतरण्याचा क्रमही ठरलेला. आधी सासरे जिन्पेइ, मग नवरा तात्सुओ, शेवटी ती स्वतः. मूलबाळ नव्हते, त्यामुळे हा क्रम तीस वर्षांत बदलण्याचे कारणच पडले नव्हते.

सप्टेंबरात विद्यापीठाने सोलोंगो नावाची वीस वर्षांची मंगोलियन मुलगी एका वर्षासाठी त्यांच्याकडे राहायला पाठवली. मासुएने रीतीप्रमाणे तिला पाहुणीचा मान दिला. टाकीत ती सर्वांआधी उतरे, माशाचा उत्तम तुकडा तिच्या वाडग्यात पडे, भांडी विसळायला ती उठली की तिला हाताला धरून बसवले जाई. दीड महिना मुलीने हे मुकाट्याने सोसले. मग एका संध्याकाळी टॉवेल खांद्यावर टाकून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"आई, मी पहिली का?"

"पाहुणी पहिली. रीत आहे तशी."

"मग मी पाहुणी कधीपर्यंत?"

आतून जिन्पेइ खेकसले, "अगं, तिला माझ्यामागून सोड! अर्धं पाणी सांडून ठेवते रोज. मी काय गुडघाभर पाण्यात डुंबू?"

त्या दिवसापासून तिचा नंबर दुसरा लागला, तात्सुओ कुरकुरत तिसरा झाला, आणि भांडी तिच्याकडे गेली.

तिचे दिवस इतर विद्यार्थ्यांसारखेच जात. सकाळी सायकलवरून पंचवीस मिनिटांचा रस्ता, बर्फ पडू लागल्यावर बस. जपानी अक्षरांच्या न संपणाऱ्या परीक्षा. शनिवारी मंगोलियातल्या आईला फोन. तिच्याशी वर्गातले सगळे गोड बोलत. रविवारी मात्र कुणी बोलावत नसे. तिचा खरा सोबती एक्याण्णव वर्षांचे जिन्पेइ हेच होते. ते तरुणपणी आळीच्या रथावर बासरी वाजवीत. हिवाळ्यात रजई घातलेल्या उबदार मेजाखाली पाय सारून दोघे समोरासमोर बसत आणि ते तिला बासरी शिकवत. या बासरीला लिहिलेले स्वर नाहीत. चाल आधी तोंडाने म्हणून पाठ करायची, मग बोटांत उतरवायची.

"ही काय बासरी म्हणायची? घोड्याला हाक मारतेस तू!"

"घोड्याला कळलं असतं, आजोबा. तुम्हालाच कळत नाही."

"ऐकलंस, सूनबाई? तोंडात दात आहेत अजून, म्हणून बोलते."

रथाचा उत्सव तीन मेला. प्रत्येक आळीच्या रथावर पाच बासऱ्या लागतात. वरच्या आळीची पोरे ओसाकाला गेल्यामुळे दोन वर्षे चारच वाजत होत्या. मार्चमध्ये आळीच्या सभागृहात तालमी सुरू झाल्या. उत्सवाचे प्रमुख उओझुमी, पेशाने सुतार, मुलीचे वाजवणे डोळे मिटून ऐकत राहिले आणि संपल्यावर एवढेच म्हणाले, "हिच्या अंगरख्याचं माप घ्या." सोलोंगोने ती बातमी आईला फोनवर तासभर सांगितली. ऑगस्टमध्ये तिचे वर्ष संपणार होते. दुसरा मे महिना तिच्या वाट्याला नव्हता. जिन्पेइंनी रस्त्याकडच्या खिडकीत आपली खुर्ची आत्ताच मांडून ठेवायला लावली.

अकरा एप्रिलच्या सकाळी ते झोपेतून उठलेच नाहीत.

दहनगृहात पुढे जे घडले, ते मासुएने नंतर मनाशी शंभर वेळा उलगडून पाहिले. दहनानंतर अस्थी उचलायच्या त्या घरच्यांनी, दोघांनी मिळून, बांबूच्या काड्यांनी. एका माणसाने एकट्याने अस्थी उचलू नये. तात्सुओच्या जोडीला त्याची नागानोहून आलेली बहीण याएको होती. मासुएला जोडच नव्हती. काड्या हातात घेऊन ती त्या राखेसमोर उभी राहिली आणि दाराकडे वळली. बाहेरच्या खोलीत, शेजाऱ्यांच्या रांगेत, सोलोंगो गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती.

"सोलोंगो, आत ये," मासुएने हाक मारली. याएकोच्या भुवया वर गेल्या. दोघींनी दोन्ही बाजूंनी काड्या लावून एक लहानशी बरगडी उचलली आणि कलशात ठेवली.

आठवड्याने ती तालमीला गेली आणि अर्ध्या तासात परत आली.

"मला खाली बसायला सांगितलं," ती म्हणाली. "चहाच्या वेळी मी सांगितलं, आजोबांची अस्थी मी उचलली. सगळे एकदम गप्प झाले. काय चुकलं माझं?"

मासुएला तो नियम तेव्हा कुठे आठवला. ज्या घराने अस्थी उचलल्या, त्या घराला पन्नास दिवस सुतक. त्यातल्या माणसाने देवाच्या रथाला हातही लावायचा नाही. पन्नासावा दिवस तीस मेला येत होता. शेजाऱ्यांच्या रांगेत बसलेली मुलगी रथावर चढू शकली असती. तिला त्या रांगेतून उठवणारी मासुएच होती.

दुसऱ्या दिवशी उओझुमी स्वतः आले. उंबऱ्याशी बूट काढले, पण आत येईनात.

"वहिनी, मला हे बोलायला लावू नका."

"परक्या देशातली मुलगी ती. तिला कसलं सुतक?"

"परकी, तर काड्या कुणी दिल्या तिच्या हातात?"

"एवढीशी बरगडी होती हो," मासुएने अंगठ्याचे पेर दाखवले.

"अस्थीला लहानमोठं नसतं. आणि मी विचारायला गेलो होतो का? तिने होऊन सांगितलं, तेही इतक्या अभिमानाने, की ऐकणाऱ्याला तोंड फिरवायला जागा ठेवली नाही. गप्प राहिली असती, तर बाकीच्यांची कुजबुज मला म्हाताऱ्याला कमीच ऐकू येते!" ते पुन्हा बुटांकडे वळले. "मला काय आनंद होतोय? माझाच रथ लंगडा होतोय."

मासुए सायकल काढून देवळात गेली. पुजाऱ्याने अत्यंत अदबीने सांगितले, की रथावर कोण चढणार हा आळीचा अधिकार. आळीत उओझुमींनी तितक्याच अदबीने सांगितले, की सुतकाचे दिवस देवळाने घालून दिलेले. ती पुन्हा देवळात गेली. परतताना तिच्या लक्षात आले, की आपणही टपाल कचेरीत माणसांना याच सुरात या खिडकीतून त्या खिडकीकडे पाठवत होतो. आणि तेव्हा आपल्याला त्यात काही वावगे वाटले नव्हते.

शेवटी उओझुमींनीच वाट काढली. "रविवारी आळीची बैठक आहे. तुम्ही उभ्या राहून म्हणा, की ही घरची नव्हे, अडचणीला हाताशी धरली. एवढंच. पुढचं मी बघतो."

मासुएने हे मुलीपासून लपवले नाही. सोलोंगोने बराच वेळ बासरीची पिशवी मांडीवर गुंडाळली, उलगडली.

"तसं म्हटलं तर खरंच वाजवू देतील?"

"उओझुमी शब्दाचे पक्के आहेत."

"मग म्हणा, आई. मला वाजवायचंय." आणि खाली बघत, "मला राग नाही येणार."

रविवारी मासुए काळा पोशाख घालून गेली. वाटेत ते वाक्य तिने सात-आठ वेळा घोकले. ही घरची नव्हे. 'नियमात बसत नाही' हे वाक्य तिने आयुष्यात हजारो लोकांना ऐकवले होते. जीभ कधी अडली नव्हती. बैठकीत विषय पुकारला गेला. ती उठली. एकवीस माणसे तिच्याकडे बघत होती, आणि उओझुमी तिला मान हलवून धीर देत होते.

"ती मुलगी," ती म्हणाली, आणि पुढचे शब्द येईनात. उओझुमींनी सावकाश विचारले, "ती मुलगी घरची नव्हे, असंच ना, वहिनी?" नुसते 'हो' म्हणायचे होते, तेही तिला जमले नाही. ती कमरेत वाकली, सर्वांना त्रास दिल्याबद्दल क्षमा मागितली आणि खाली बसली. कुणीतरी घसा खाकरला. पुढचा विषय रथाच्या दोरखंडांचा होता.

घरी सोलोंगो दारातच उभी होती.

"म्हणालात?"

"नाही."

"का?"

"नाही म्हणता आलं."

"पण तीनच शब्द होते," मुलगी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "फक्त तीन. मी घरची आहे की नाही ते मला माहीतच आहे ना! लोकांना काहीही सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

तीन दिवस मुलगी जरुरीपुरतेच बोलली. भांडीही तिने टाकली होती; चौथ्या दिवशी न सांगता पुन्हा घासायला घेतली. पण त्यावरून काही समजावे असे मासुएला वाटेना.

तीन मेला तोगाशींच्या रस्त्याकडचे बांबूचे पडदे खाली सोडलेले होते. सणाचा लाल भात शिजला नाही, मासाही आणला नाही. दुपारी रथाची गाणी खालच्या वळणावरून वर येऊ लागली: ढोल, थाळी, बासऱ्या. तात्सुओने दूरदर्शन संच बंद केला. तिघे पाठ सरळ ठेवून बसले.

सुतकाच्या घरापुढून रथ वाजत जात नाही, मृताचा मान म्हणून. संगीत शेजारच्या घरापर्यंत आले आणि मध्येच तुटले. मग नुसती लाकडी चाकांची करकर, दोरखंड ओढणाऱ्यांचे श्वास, आणि कुणाचे तरी दबके "सांभाळून, सांभाळून". पडद्यांच्या फटींतून रथाची सावली खोलीवरून हळूहळू सरकत गेली. मासुएला वाटले, आता तरी काही बोलावे. क्षमा माग असे मन सांगत होते. पण ती कशाची मागायची, घरची म्हणून काड्या हातात दिल्याची की 'घरची नव्हे' न म्हटल्याची, हे तिला ठरवता येईना.

रथ पुढे गेला. तिसऱ्या घरापाशी बासऱ्या पुन्हा सुरू झाल्या.

सोलोंगो मान किंचित कलती करून ऐकत होती.

"ती कडेची बासरी घाई करते आहे," ती म्हणाली. "आजोबांनी खाली बसवलं असतं तिला."

मासुएला सुरातले काही कळत नव्हते. तिने नुसती मान डोलावली. रथ वरच्या वळणावर जाऊन ऐकू येईनासा होईपर्यंत तिघे तसेच बसून राहिले.