पेन्सिलकाकांचा समास

पेन्सिलकाकांच्या कानावरची पेन्सिल खाली ठेवलेली कुणी पाहिली नव्हती. लिहून झालं की ती आपली आपण उडून कानावर जाऊन बसे. आंघोळीलाही ती तिथेच असते, यावर लखनौच्या अख्ख्या निशातगंजात दोन मतं नव्हती. मूळचे अमरावतीचे काका फौजेच्या हिशेबखात्यातून निवृत्त झाले आणि बाबांच्या पाण्याच्या पंपांच्या दुकानात वह्या लिहू लागले.

हिशेब शाईने, पेन्सिल फक्त समासासाठी. उधारीच्या नावाशेजारी बारीक अक्षरात: "मुलीचं लग्न आहे, दिवाळीपर्यंत विचारू नये." किंवा "देईल, पण आधी चहा पाजावा." बाबा म्हणत, ही वही नाही, अर्ध्या लखनौची कुंडली आहे.

कसलाही निर्णय असो, काका कागदाला उभी घडी घालत. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. लग्नाआधी काकूंचाही असा कागद झाला होता म्हणे. "तोट्यांची बाजू अजून दाखवलेली नाही हो!" काकू कुरकुरत.

नव्वदीच्या मध्यावर एक विक्रेता हिशेबाचं सॉफ्टवेअर घेऊन दुकानात आला. "अंकलजी, बैलेंस शीट एक बटन में!"

"अच्छा? और गलती कितने बटन में?" काकांनी विचारलं.

काँप्युटर आणि काका, दोघांना पोसण्याइतकं दुकान मोठं नव्हतं. बाबांच्या तोंडून ते निघेना. शेवटी म्हणाले, "काका, तुम्हीच घाला घडी."

आठवडाभर काका सायकल हाणत चिनहटला त्या विक्रेत्याच्या ऑफिसात जाऊन बसले. त्यांच्या प्रश्नांनी त्या तरुण माणसाचे निम्मे केस पांढरे झाले. शनिवारी कागद आला. डावीकडे सतरा ओळी: बेरीज चुकत नाही, विक्रीकराचे तक्ते तयार मिळतात, वगैरे. सतरावी होती, "माझा पगार वाचेल." उजवीकडे दोनच: "लाइट जाते. समास नाही."

"काका, ती सतरावी खोडा," बाबा म्हणाले.

"हिशेबात खोडाखोड नसते, भाऊसाहेब."

महिनाअखेरीस काका-काकू अमरावतीला निघाले. निघताना काकांनी पेन्सिल गल्ल्यावर ठेवली. कान उघडाबोडका दिसत होता.

पुढच्याच महिन्यात काँप्युटरने एका झटक्यात सगळ्या उधारवाल्यांना तगाद्याची पत्रं छापली. त्यांत मुलीच्या लग्नाच्या धावपळीतले मिश्राजीही होते. बाबा स्कूटरवरून दिवसभर दारोदार माफी मागत फिरले. परत आले, छापील यादी समोर घेतली आणि पट्टीने प्रत्येक पानावर समास आखला.

मग ती पेन्सिल कानावर ठेवून पाहिली. दोनदा पडली.