स्वयंपाकघरातला लाल ठिपका

फोन स्वयंपाकघरात वाजला. आईनं उचलला, ऐकलं, आणि शेगडीवरचं दूध उतू गेलं तरी जागची हलली नाही. "शब्बीर गेला," एवढंच म्हणाली. जळोचीहून त्याच्या मुलीनं, रेश्मानं, कळवलं होतं. दुकानातच छातीत कळ आली आणि... आता महिना होऊन गेला या गोष्टीला. आमच्या स्वयंपाकघरात फोन वाजतो तो ज्याच्यामुळं, त्याच्याच जाण्याची बातमी त्या फोनवर यावी! खरं सांगतो, मला रडू यायच्या आधी राग आला.

शब्बीरचं जळोचीत मोटार वाइंडिंगचं दुकान. कऱ्हाटीपासून आमच्या नरसिंहपूरजवळच्या वस्तीपर्यंत कितीतरी विहिरींवरच्या मोटारी त्याच्या हाताखालून गेलेल्या. फोनवरून मोटार चालू करायचे स्टार्टर आले, तेव्हापासून मोटार बिघडली म्हणून त्याला बोलावणी यायची, आणि हा जाऊन बघतो तर मोटार ठणठणीत, नुसती रेंज नाही. दुसरा असता तर हात झटकून निघून गेला असता. हा मुलखाचा चिवट. त्यानं फोनमधलं एक ॲप शोधून काढलं. बटण दाबलं की ते जिथं आपण उभे असू तिथला इंटरनेटचा वेग मोजायचं आणि नकाशावर ठिपका उमटवायचं, चांगला असेल तर हिरवा, नसेल तर लाल. रेंज अजिबातच नसेल तर ते नोंद जपून ठेवायचं आणि रेंजमध्ये गेल्यावर पाठवायचं. मग काय, जो भेटेल त्याच्या फोनमध्ये शब्बीर ते ॲप घालून द्यायचा.

मी निवृत्त शिक्षक. असल्या खेळात मी पडलो नसतो, पण माझा स्वार्थ होता. आई स्वयंपाकघरात पाय घसरून पडली होती. फोन हातात, आणि रेंज नाही. मी बाजारातून परत येईपर्यंत तीन तास ती फरशीवर पडून होती. टॉवरसाठी फोन कंपनीकडं अर्ज केला, तर तुमच्याकडं रेंज आहे असं उत्तर आलं. शब्बीर म्हणाला, आपण मोजून दाखवू.

सगळ्या वस्तीनं उत्साहानं मोजलं. नकाशा घेऊन आम्ही दोघं कंपनीच्या बारामतीच्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी पाहिलं, तर वस्ती हिरवीगार! झालं होतं असं, की आमच्याकडं फोन करायचा म्हणजे पाण्याच्या टाकीवर चढायचं, नाहीतर बांधावरच्या चिंचेखाली जायचं. वर्षानुवर्षांची सवय. मोजायलाही सगळे तिथंच गेले. आणि सगळ्यात झकास ठिपका कुणाचा? माझा. टाकीच्या शेवटच्या पायरीवरून मिळवलेला, वर चारचौघांत मिरवलेला. मास्तर ना मी, पहिला नंबर सोडतोय थोडाच!

"चूक माझी हाय, साहेब," शब्बीर म्हणाला. "कुठं हुबं ऱ्हायचं ते मी सांगितलंच न्हाय."

टाकीवरचा तो ठिपका माझा, हे मी साहेबांना सांगितलं नाही. त्याची अजून लाज वाटते. परतताना मी वस्तीवरच्या लोकांना शिव्या घालत होतो, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "गुरुजी, रेंज कुठं हाय ते समद्यांला ठावं हाय. आई जितं पडल्या, तितं मोजा."

पुढच्याच रविवारी तो वाइंडिंगला मारायच्या लाल व्हार्निशचा डबा घेऊन आला. घरोघरी स्वयंपाकघरात, गोठ्यात, म्हाताऱ्यांच्या खाटेशी बोटाएवढा ठिपका काढला. जिथं काम, तिथंच उभं राहून सकाळ-संध्याकाळ मोजायचं. पुरुष आठ दिवसांत कंटाळले. टिकल्या त्या बाया. माझ्या आईला अक्षर येत नाही, पण रंग कळतो. दर रविवारी टाकीवर चढून मी जळोचीला फोन लावायचो, शब्बीर विचारायचा, "आईंचा रंग कुठला?" आणि लाल म्हटलं की हा पठ्ठ्या खूश! वस्ती लालभडक झाली तेव्हा लेकीचं लग्न ठरल्यासारखा हसत होता. अखेर तेच साहेब आमच्या स्वयंपाकघरात येऊन ठिपक्यावर उभे राहिले. त्यांचाही फोन लागेना. मग टॉवर आला. नारळ फोडायला पुढारी, फोटोतही पुढारीच. शब्बीर पलीकडच्या विहिरीवर कुणाचा तरी स्टार्टर खोलून बसलेला. मी चिडलो, तर म्हणाला, मोजायचं सोडू नका म्हणजे झालं.

चाळीस वर्षं मी मुलांना खरं लिहा म्हणून शिकवलं. खरं कुठं उभं राहून लिहायचं, ते मला एका मोटार दुरुस्त करणाऱ्यानं शिकवलं. तो माझा मित्र होता, याचा मला भारी अभिमान आहे.

गेल्या रविवारी सूनबाई फरशी घासताना तो ठिपका खरवडायला बसली. आईनं तिला उठवलं, स्वतः त्यावर उभी राहिली आणि बटण दाबलं. मग मला म्हणाली, जळोचीला लाव. कुणाला लावू...? तरी लावला. रेश्मानं उचलला. मागून दुकानातलं मशीन ऐकू येत होतं. मी काही बोलायच्या आत तिनंच विचारलं, "गुरुजी, आजींचा रंग कुठला?"

आईनं माझ्या हातातला फोन घेतला.

"हिरवा हाय, बाळ," ती म्हणाली. "तुझ्या बापानं सांगितलं तितंच हुबी हाय मी."