डबल बेल झाल्याशिवाय

कार्यक्रम संपला की खुर्च्या भाड्याच्या दुकानात परत जातात, बॅनर उतरतो आणि मागे उरतात ते किस्से. आमची संस्था कोल्हापुरात ज्येष्ठांसाठी कार्यक्रम करते. गाण्याची मैफल, डोळ्यांची तपासणी, सहल, वर्धापनदिन. आखणी करायची मी, माईक लावायचा शकीलभाईंनी आणि माणसं बसवायची नानांनी. त्यामुळे आमचा कुठलाही किस्सा फिरून नानांवरच येतो.

नाना म्हणजे एसटीतले रिटायर्ड कंडक्टर, राहायला उचगावात. त्यांच्या पहिल्याच कार्यक्रमाला नेहमीप्रमाणे लोकांनी मागच्या खुर्च्या धरल्या आणि पुढच्या रांगा ओस. मी माईकवरून विनवण्या करून दमले. नाना दाराशी उभे राहिले आणि बिनमाईकचे ओरडले, "मागची सीट लई आपटती. पुढं सरका!"

सगळे हसत पुढे आले. पुढच्या खेपेला नानांनी घरून एक पितळी घंटा आणून दाराला टांगली. डबल बेल दिली की कार्यक्रम सुरू, सिंगल दिली की थांबायचं. एसटीचा कायदा संस्थेला लागू झाला.

*

एका पाहुण्यांना थोडक्यात बोला म्हणून सांगितलं होतं. त्यांनी स्वतःच्या जन्मापासून सुरुवात केली. मी चिठ्ठी पाठवली, ती त्यांनी न वाचता खिशात घातली. शकीलभाई माईकच बंद करायला निघाले, त्यांना मी कसंबसं थोपवलं. तेवढ्यात मागून घंटा वाजली. टिंग!

पाहुणे दचकले. काय झालं म्हणून विचारलं.

"साहेब, तुमचा स्टॉप आला."

माणूस मोठ्या मनाचा. हसत हसत स्टेजवरून उतरला.

*

आम्ही गगनबावड्याला सहल नेली. बस भाड्याची, सीट भरपूर, तरी नाना जाताना आणि येताना दाराशी उभे. मी चारदा म्हटलं, नाना, आता तुम्ही पॅसेंजर आहात, बसा. शेवटी त्यांनी मला जवळ बोलावून हळूच सांगितलं, "पोरी, बसलो की मला गाडी लागती."

सगळा जन्म गाडीत घालवलेला माणूस!

*

एकदा मैफल ऐन रंगात आली होती. गायकाची तान वर चढत होती आणि मागून सिंगल बेल. गायक गप्प, तबला गप्प. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नाना म्हणाले, "एक पॅसेंजर राहिलंय."

वळून पाहिलं, तर फाटकातून एक आजी काठी टेकत येत होत्या. त्या आल्या, बसल्या, पाणी प्यायल्या. मग टिंग टिंग, आणि गाणं पुढे सुरू.

नंतर मी नानांवर चिडले. एका माणसासाठी अख्खी मैफल थांबवायची का? ते म्हणाले, "मागं राहिलेल्याला गाडीची पाठ दिसती. लई वाईट दिसती ती."

*

नानांच्या पत्नी, नानी, वारल्या आणि मुलानं नानांना पुण्याला न्यायचं ठरवलं. आम्ही सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ सगळं तयार, पण नाना स्टेजवर यायला राजी होईनात. कंडक्टरची जागा मागं, म्हणाले. शेवटी सगळ्यांनी खुर्च्या उलट्या फिरवल्या आणि सत्कार दाराशी झाला.

जाताना नानांनी खिशातला रुमाल काढून घंटेला बांधला. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसा.

"जागा धरलीया. कुणाला देऊ नका."

*

ती घंटा मग कुणी वाजवली नाही. शकीलभाईंनी लॅपटॉपवरून बेलचा आवाज लावून पाहिला, अगदी हुबेहूब. लोक जागचे हलले नाहीत. पहिल्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "ही गाडी आपली न्हवं."

खरं सांगते, मला नानांची फार आठवण येते. हॉल भरतो, माईक लागतो आणि आता सुरू करायचं म्हटलं की हटकून दाराकडे नजर जाते. शकीलभाईंचीही जाते. आम्ही एकमेकांना तसं दाखवत नाही एवढंच.

*

यंदाच्या वर्धापनदिनाला येतोच, असं नानांनी कळवलं होतं. आम्ही घंटा घासूनपुसून ठेवली. त्या दिवशी सकाळी मुलाचा फोन आला. नानांचा गुडघा सुजलाय, प्रवास झेपायचा नाही.

हॉल भरला. पाहुणे स्टेजवर बसले. आणि सगळे ज्येष्ठ माना वळवून दाराकडे बघत राहिले. निवेदन कुणाला करायचं?

शकीलभाईंनी नानांना फोन लावला, स्पीकर चालू करून माईकसमोर धरला. "नाना, गाडी भरली हाय. काय करायचं?"

पलीकडे भांडी खडखडली. मग स्टीलच्या ग्लासवर चमचा वाजला. टिंग टिंग! हॉलमध्ये अशा टाळ्या पडल्या, की पाहुण्यांना वाटलं आपल्यासाठीच.

कार्यक्रम छान झाला. आभार झाले, चहा झाला, लोक घरी गेले. शकीलभाई वायरी गुंडाळायला लागले, मी खिडक्या लावायला घेतल्या. माईकजवळचा फोन कट करायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नव्हतं.

ग्लासवर चमचा वाजला. एकदाच.

टिंग.