राखणीचा डबा

चोरी झाली याचं आमच्या ह्यांना तेवढं दुःख झालं नाही. चोरांनी रेडिओ मागे ठेवला, याचं झालं.

त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं सकाळी रामटेकला एका मुंजीला गेलो आणि संध्याकाळी परत आलो. तेवढ्यात भरदुपारी कोणीतरी मागच्या दाराची कडी उचकटून तांब्याचं घंगाळ, पितळेचे डबे, माझ्या दोन चांगल्या साड्या आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन गेलं. टेबलावर ह्यांनी स्वतःच्या हातानं जुळवलेला, लाकडी पेटीतला रेडिओ होता. तो चोरांनी उचलून पाहिला होता. खालच्या धुळीत त्याची जागा सरकलेली स्पष्ट दिसत होती. पाहून परत ठेवला होता.

"लोणचं नेलं, अन् रेडिओ ठेवला!" हे पोलिसांनाही आधी तेच सांगत होते. हवालदारानं घंगाळाचं वजन विचारलं, तर हे त्याला रेडिओत किती स्टेशनं लागतात ते सांगायला लागले.

नागपूरच्या चोराला अंधाराची गरज नसते. मे महिन्यातली दुपार त्याला पुरते. गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही, दारं लावलेली, खिडक्यांत कूलर घुमताहेत आणि माणसं भात खाऊन आडवी झालेली. अशा वेळी कोणी दार उचकटलं काय नि भिंत पाडली काय, कूलरच्या आवाजात कोणाला कळणार? म्हणून ह्यांनी नियम केला. यापुढे दोघांनी मिळून घर सोडायचं नाही. एकानं जायचं, एकानं राखण करायची.

घरात आम्ही दोघंच. त्यामुळे संसार म्हणजे पाळीची नोकरी झाली. लग्नाला हे गेले की मी घरी, बारशाला मी गेले की हे घरी. नातेवाईक मला विचारायचे, "काहून वं, ते नाई आले?" आणि पुढच्या समारंभात ह्यांना विचारायचे, "त्या नाई आल्या?" एका दूरच्या आत्याबाईंनी तर आमचं बिनसलंय असं ठरवूनच टाकलं होतं. मला याचा राग यायचा. नवऱ्याबरोबर एस.टी.त शेजारी बसून कुठंतरी जावं, एवढीच माझी हौस होती आणि ती एका घंगाळापायी गेली.

मग पुढच्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. अमरावतीला, ऐन नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ भाजून काढणाऱ्या दिवसांत. मी एकुलती एक बहीण, म्हणजे करवली मीच. हे घरचे एकुलते एक जावई. दोघांपैकी एकाला वगळून ते लग्न लागणंच शक्य नव्हतं. मी ह्यांना सरळ सांगितलं, "या खेपेले दोघं जाऊ. नाही तर मी एकटी जाईन, अन् मग परत कवा येईन ते सांगत नाही."

हे घाबरले. मी असं बोलत नसे. तिसऱ्या दिवशी कचेरीतून परस्पर बर्डीच्या बाजारात जाऊन पिशवीभर सामान घेऊन आले.

हे सरकारी कचेरीत कारकून होते, पण जीव सगळा तारांत आणि डाग देण्याच्या कांडीत. बर्डीवर रेडिओच्या सुट्या भागांची दुकानं होती. तिथले दुकानदार ह्यांना पाहून खुर्ची पुढे करत. एवढी खुर्ची आमच्या ह्यांना सासुरवाडीतही कोणी दिली नव्हती. त्या सामानातून ह्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एक यंत्र बसवलं. डब्याला समोरून दोन गोल भोकं, त्यात दोन चकत्या. एक चकती माणसाच्या कानाला ऐकू न येणारा आवाज सोडायची, दुसरी तो भिंतीवरून परत आलेला ऐकायची. खोलीत कोणी हललं की परत येणारा आवाज बदलणार आणि डब्याला ते कळणार.

"अन् कळलं तर डबा काय करीन?" मी विचारलं. "चोराले नमस्कार?"

"बोंबलीन," हे म्हणाले. "पण इथं नाई. समोर."

गंमत तिथंच होती. घरात घंटा लावून काय उपयोग, ऐकायला घरात कोणी नाही. म्हणून डब्यातून बिनतारी लहर सुटणार आणि गल्लीच्या पलीकडे, समोरच्या काकूंच्या रेडिओवर शिट्टी वाजणार. रेडिओच्या पट्टीच्या अगदी टोकाला, जिथं कुठलंच स्टेशन लागत नाही, तिथं काटा लावून ठेवायचा. हे सगळं कायद्यात बसतं का, ते मी विचारलं नाही. हे खिडक्या लावून काम करत होते, त्यावरून काय ते समजले.

समोरच्या काकू म्हणजे आमच्यापेक्षा वयानं मोठ्या, जाडजूड, मोकळ्या तोंडाच्या. काका रेल्वेत मालगाडीवर गार्ड, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. एकुलती एक मुलगी गोंदियाला दिलेली. तिला मुलगा होऊन वर्ष होत आलं होतं, पण काकू नातवाला एकदाच, बाळंतपणात, पाहून आल्या होत्या. काका नसताना घर टाकून जायचं कसं? आमच्याकडची चोरी झाल्यापासून त्यांच्याही घराला कुलूप लागलं नव्हतं. काकूंचा एकच विरंगुळा होता, दुपारची फर्माईशी गाणी. आणि ह्यांना नेमका तोच रेडिओ पाहिजे होता.

चाचणीच्या वेळी चोर व्हायचं काम माझ्याकडे आलं. मी मागच्या दारानं आत यायचं, हे समोर काकूंच्या रेडिओपाशी. पहिल्याच पावलाला समोरून शिट्टी ऐकू आली आणि हे आनंदानं गल्ली ओलांडून धावत आले.

"पण अशी नाई वं. चोरावानी चाल. तू मालकिणीवानी चालून राहिली."

"घर माझं हाय जी. चोर मी कवा पाह्यला?"

मग हे स्वतः चोर झाले. जमिनीवर पालथे पडले आणि इंच इंच सरकत, श्वास धरून, दिवाणखाना ओलांडायला लागले. इतकं हळू हललं तर डब्याला कळतं का, हे त्यांना पाहायचं होतं. डब्याला कळलं नाही. नेमक्या तेव्हा काकू पातेल्याएवढा गंज भरून कैरीचं पन्हं घेऊन दारात आल्या.

"अवं माय! भाऊले काय झालं? चक्कर आली का?"

हे पालथे पडल्यापडल्याच म्हणाले, "नाई काकू, मी घरात शिरून राहिलो."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, पन्हं खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला.

पुढचे आठ-दहा दिवस डब्याची सेवा चालली. नागपूरची धूळ चकत्यांवर बसली की डबा बहिरा व्हायचा, म्हणून रोज मऊ फडक्यानं पुसायचा. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं की शिट्टी, पडदा हलला की शिट्टी. मी कॅलेंडर काढलं, पडदे गुंडाळले. सेल दमले की हे ते गच्चीवर उन्हात ठेवायचे, म्हणजे त्यांच्यात पुन्हा थोडा जीव येतो म्हणे. गच्चीवर एका साडीवर माझ्या कुरड्या आणि शेजारी ह्यांचे सेल वाळत असायचे. कावळे हाकलायला मीच.

आणि मग कूलर आला. कूलर चालू केला की वाऱ्यानं डबा वेड्यासारखा बोंबलायचा. मी म्हटलं, यात अडचण कुठं आहे? आपण घरी नसणार, कूलर बंदच राहणार. हे माझ्याकडे दयेनं पाहत राहिले.

"बंद कूलर म्हणजे रिकामं घर. नवतप्यात कूलर बंद दिसला, की चोराले आवतन देऊन राहिलो आपण."

म्हणजे कूलर घुमला पाहिजे, पण वारा आला नाही पाहिजे. यावर ह्यांनी कूलरच्या तोंडावर जुनी गोधडी बांधली. ओसरीवर, खिडकीसमोर, गोधडी बांधलेला कूलर दोन दिवस घुमणार, त्यात सकाळ-संध्याकाळ पाणी काकू टाकणार आणि बाकी वेळ आपल्या घरी रेडिओसमोर बसून, गाणी सोडून, नुसती खरखर ऐकणार. हे सगळं काकूंना समजावून सांगताना ह्यांचा चेहरा इतका गंभीर होता की काकूंना नाही म्हणताच आलं नाही. मला मात्र त्यांच्याकडे पाहायची लाज वाटली. स्वतः कुठं जाता येत नाही त्या बाईला आम्ही आमच्यासाठी खरखर ऐकायला बसवत होतो.

पण मी अमरावतीला गेले. ह्यांच्या शेजारी बसून गेले. खिडकीतून गरम वारा तोंडावर येत होता, हे पुन्हा पुन्हा "गोधडी घट्ट बांधली होती ना?" विचारत होते आणि मी इतकी सुखात होते की प्रत्येक वेळी "हो जी" म्हणत होते. लग्नात मी करा घेऊन भावामागे उभी राहिले. मांडवात पलीकडे हे नव्या टोपीत, जावयाच्या मानाच्या गादीवर अवघडून बसलेले दिसत होते. त्या दूरच्या आत्याबाईंनी आम्हा दोघांना एकत्र पाहिलं आणि डोळ्यांना पदर लावला. आमचं जुळलं असं त्यांना वाटलं असावं. वडाभाताच्या पंगतीत मात्र ह्यांचं लक्ष नव्हतं. शेजारच्याला डब्याचं तंत्र समजावत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही परतलो. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा सोडली आणि मला गाणं ऐकू आलं. हे थबकले. गाणं आमच्याच घरातून येत होतं.

पुढे आलो तर आमच्या ओसरीवर काकूंची बाज. कूलरची गोधडी सोडून घडी करून उशाला घेतलेली. कूलरचं तोंड खिडकीकडून फिरवून बाजेकडे केलेलं, त्याच्या गार वाऱ्यात काकू आडव्या, हातात पंखा नाही की काही नाही, आणि शेजारी स्टुलावर त्यांचा रेडिओ मोठ्यानं फर्माईशी गाणी गात होता.

ह्यांच्या हातून वळकटी खाली पडली. "काकू! रेडिओ?"

काकू उठून बसल्या. जराही गोंधळल्या नाहीत. "भाऊ, तुमची ते खरखर घटकाभर ऐकली. डोकं उठलं माझं. म्हटलं, घर राखाले सांगतलं होतं ना तुम्ही? मंग मी इथंच आली. कालपासून इथंच हावो. कुत्रं नाई आलं."

हे कुलूप काढून आत गेले. आतून काहीच आवाज येईना, तेव्हा मला धास्ती वाटली. इतके दिवस या माणसाला हसले होते, पण त्या डब्यासाठी त्यांनी किती डोळे फोडले ते मीच पाहिलं होतं. मी आत गेले. हे डब्यासमोर उकिडवे बसले होते.

"चालू होता," ते हळू म्हणाले. "पूर्ण वेळ चालू होता. ऐकाले कोणी नव्हतं."

"राखाले होतं ना जी," मी म्हटलं.

त्यांनी डबा बंद केला. मग बाहेर येऊन काकूंना म्हणाले, "काकू, नातवाले पाहून या. काका ड्युटीवर गेले तरी जा. डबा तुमच्याकडं बसवतो."

काकू हो-नाही करत राहिल्या, पण आठवड्याभरात गोंदियाला गेल्या. जाताना मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "त्या डब्याचं राहू दे वं. कूलर फिरवून घेजो."

पहिल्या दुपारी हे आमच्या घरी स्वतःच्या रेडिओसमोर, काटा टोकाला लावून, ताठ बसले. खरखर सगळ्या घरात भरली. मी शिवणाची पिशवी घेतली, गल्ली ओलांडली, काकूंच्या ओसरीवरचा कूलर बाहेरच्या बाजूला फिरवला आणि बाजेवर बसून ह्यांच्या सदऱ्याची बटणं लावायला लागले. समोरून खरखर ऐकू येत होती. मग ती बंद झाली.

हे उन्हातून आले. डोक्यावर ओला पंचा, काखेत तो लाकडी पेटीतला रेडिओ. न विचारता माझ्या शेजारी बसले.

"इथून चांगलं ध्यान राह्यते," असं म्हणून त्यांनी काटा फिरवला आणि गाणी लावली. आवाज जरा नाकातून येत होता. ते चोर अगदीच अडाणी नव्हते, असं माझ्या मनात आलं. नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून मी भरदुपारी परक्याच्या ओसरीवर बसले होते आणि मला फार बरं वाटत होतं.

समोर आमच्याच घराचं दार सताड उघडं राहिलं होतं. ह्यांनी एकदा तिकडे पाहिलं आणि रेडिओचा आवाज थोडा वाढवला.