आत्याने थांबवलेली द्रुत लय

परवा सलूनमध्ये मानेवर पावडर पडली, तिच्या वासाने मी थेट आत्याच्या पहिल्या जाहीर मैफलीत पोचलो. बाहेरगावच्या तबलजींनी हातांना पावडर चोळता चोळता ऐकवलं होतं, "बाईंना द्रुत लय झेपायची नाही." बंदिश रंगताच त्यांनी मुद्दाम लय वाढवली. आत्याने हसत हसत ती आणखी चढवली. तिच्या तानांपुढे तबलजींची बोटं अडखळू लागली. पुढच्या रांगेतला पैलवान म्हणाला, "पावणं, दमला व्हय?"

तेवढ्यात आत्याने तिहाई घेऊन गाणं संपवलं. आत्याच दमली, असं वाटून मी गाल फुगवून बसलो. पण मंगळवार पेठेत घरी चालत येताना ती त्याच वेगात ताना घेत होती.

"मग तिथं का थांबलीस?"

"त्यांचं हात थांबल्यालं लोकांना दिसलं असतं की."

तिच्या तानांपेक्षा ते थांबणंच मी आज छाती फुगवून सांगतो.