पावतीकाकांचा दिवा

पावतीकाकांच्या खिशात पेन नसे. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेली मिळकतकराची पावती असे. कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत, माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये ते एकटे राहत. बिल आलं की त्याच दिवशी भरत आणि मग कोपऱ्यावरचा दिवा, गटाराचं झाकण व समोरचा रस्ता स्वतःचा समजत.

थुंकणाऱ्याला ते रागावत नसत. पावती काढून विचारत, "आपण कर भरता ना? मग आपल्या दारात थुंका. हे माझं दार आहे."

रस्ता खोदला, तेव्हा खडीचा थर मोजायला ते पट्टी घेऊन आठवडाभर कोपऱ्यावर खुर्ची टाकून बसले.

"काका, घरी जावा की. ऊन लय हाय," मुकादम म्हणाला.

"घरीच बसलोय."

मालक स्वतः राहत असेल तर पुण्यात करात सवलत मिळते. त्याची खातरजमा करायला त्याच आठवड्यात करखात्याचा माणूस आला. काकांच्या दाराला कुलूप. त्याने वॉचमनला विचारलं, "मालक इथं राहतात का?"

वॉचमन सरळ माणूस. "नाही साहेब. ते रस्त्यावर असतात."

कागदावर शेरा पडला: मालक राहत नाहीत. सवलत गेली. काकांच्या पेन्शनला वाढीव बिल झेपणारं नव्हतं, पण तो शेरा त्यांना जास्त लागला. वीजबिलं आणि साक्षीदार म्हणून मला घेऊन ते वॉर्ड ऑफिसात गेले.

"हे तिथंच राहतात कशावरून?" कारकुनाने मला विचारलं.

"कोपऱ्यावरचा दिवा गेला की सकाळी सहाला माझी बेल वाजवतात."

कारकुनाने मान वर केली. "दिवावाले काका हेच का? मग दहाला आम्हाला फोन करतात." त्याने वीजबिलंही उघडली नाहीत. शेरा खोडला गेला.

पुढे गुडघे थकले. काका कात्रजला मुलीकडे निघाले, फ्लॅट भाड्याने दिला. सामानाचा टेम्पो उभा ठेवून ते आधी वॉर्ड ऑफिसात गेले आणि सवलत बंद करण्याचा अर्ज दिला.

कारकून म्हणाला, "काका, कोणी तपासायला आलं नव्हतं."

"आता शेरा खरा झालाय. लिहून घ्या."

अजूनही दिवेलागणीला त्यांचा फोन येतो. मी खिडकीतून पाहून सांगतो, लागलाय.

"नीट बघा," काका म्हणतात. "आता पूर्ण भरतोय."