वळवलंस, पण परत आणलंस का?

आमच्या शहापूरच्या क्लासचे सर कॉम्प्युटर कानाने बघायचे. डोळे लहानपणीच गेलेले. स्क्रीनवर जे उमटेल ते मशीन त्यांना इयरफोनमध्ये वाचून दाखवायचं, आणि तेही इतक्या भरभर की आम्ही कान लावला तर नुसती गुणगुण!

म्हणूनच एका गोष्टीवर त्यांचा भारी कटाक्ष. स्क्रिप्ट, म्हणजे आम्ही लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, स्क्रीनवर जे छापते ते थोडा वेळ फाइलमध्ये वळवायचं असेल, तर आधीची वाट जपून ठेवायची आणि काम झालं की छापणं पुन्हा स्क्रीनवर आणायचं. आम्ही विसरलो की त्यांच्यापुरतं मशीनच मुकं व्हायचं. "वळवलंस ते ठीक," ते म्हणायचे, "परत आणलंस का गो?" आम्ही पोरी रिक्षातसुद्धा एकमेकींना हेच विचारून खिदळायचो.

आधी सरांच्या बायको, आमच्या काकू, शेजारी बसून मदत करत. त्यांना अंगणवाडीत काम लागलं आणि क्लासचे मालक कुरकुरायला लागले, ज्याला दिसत नाही तो माणूस एकटा पोरं कशी सांभाळणार म्हणून. एक दिवस ते स्वतःच मागच्या बाकावर येऊन बसले. आज सरांची नोकरी राहते की जाते, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

आणि नेमकी तेव्हाच खर्डीच्या मनीषाची स्क्रिप्ट सरांच्या मशीनवर अर्ध्यात मोडली. छापणं फाइलकडे गेलेलं, परत आणायची ओळ खालीच राहिलेली. चूक झाली एवढं मशीन बोललं, मग काही छापायला सांगावं तर गप्प. मी सरांच्या कानाशी लागून स्क्रीन वाचायला लागले.

त्यांनी माझा हात हलकेच बाजूला केला. "तू नको सांगू गो. त्याला बोलू दे."

बोटं फिरली, राहिलेली ओळ त्यांनी स्वतः लिहिली आणि मशीन बोलतं झालं. मग मनीषाला, जरासुद्धा न रागावता, ती ओळ कुठे ठेवायची ते शिकवलं, म्हणजे मध्येच काही मोडलं तरी ती चालणारच. मालक चहा पिऊन निघून गेले. सरांच्या जागी दुसरा माणूस आणायचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता सर थकलेत, मुरबाडला भावाकडे असतात. ठाण्याच्या ऑफिसात माझी स्क्रिप्ट सगळं फाइलमध्ये लिहून झालं की छापणं स्क्रीनवर आणते आणि 'काम झालं' म्हणते. सगळे हसतात, फाइल तयार झाली ना, मग हे कशाला! हसोत बापडे.

परवा मुरबाडला गेले तेव्हा तीच स्क्रिप्ट सरांच्या मशीनवर चालवली. ते उशीला टेकून, इयरफोन लावून बसलेले. बराच वेळ कानात काहीच येत नसणार. मान कलती करून ते वाट बघत राहिले. मग चेहरा फुलला.

"आणलंस गो," म्हणाले, आणि माझा हात शोधू लागले.